दारातली जीप

सिद्धगडाखालचे क्वार्टर्स, रविवार संध्याकाळ, १९६२

यांचा ताप उतरलाय, पण माझा जीव काही जागेवर येत नाही.

काँक्रीटची यंत्रं जाणणारा माणूस मुंबई सोडून या रानात पूल बांधायला कशाला येणार? म्हणून कंपनीने यांना जीप दिली, ड्रायव्हरही दिला. जीपचं ऐकून मीच आधी हो म्हटलं. अडीअडचणीला गाडी दारात असेल, एवढंच डोक्यात होतं. चुकलं का माझं?

परवा सकाळी हे तापाने फणफणले, बरळायला लागले. ड्रायव्हर सुट्टीवर शेणव्याला गेलेला. जीप दारात, किल्ली खुंटीला, आणि हे अंथरुणात; दुसरं चालवणारं कुणी नाही! मी जीपमध्ये जाऊन बसले, स्टिअरिंगला हात लावला आणि तशीच उतरले.

वाडीवरची ठकी धावत आली. "बाय, रडतेस कशाला गो? आमची बैलगाडी हाय ना!"

तिच्या नवऱ्याने बैल जुंपले. मुरबाडच्या डॉक्टरांपर्यंत यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. जीप मात्र दारातच.

आत्ता हे उठून बसले, पेज प्यायले. मी म्हटलं, "मला जीप शिकवा."

हे हसले. "अगं, गाडी कंपनीची आहे."

"आणि तुम्ही कोणाचे?"

हसू मावळलं. मग म्हणाले, "अंगात जरा ताकद आली की माळावर जाऊ. पण साडीत पाय अडकतील तुझे."

ट्रंकेत आईची नऊवारी आहे. काढून ठेवली.