डब्यावरचा नंबर

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. शाळेचा फुगा तीस किलोमीटर वर जाऊन फुटणार. त्याला टांगलेला डबा आतल्या कॅमेऱ्याने काळ्या आकाशाचे फोटो काढून हवाई छत्रीने खाली येणार. मागच्या वर्षी वाऱ्याने दगा दिला, डबा गेला तो गेलाच. या वेळीही परत आला नाही तर विज्ञान मंडळ भूगोलाच्या बाईंकडे, असं मुख्याध्यापिकांनी बजावलंय. चौदा वर्षं मी वाढवलेलं मंडळ! हसू आलं. मग राग आला.

९ नोव्हेंबर
संकल्प: शांत राहणे, सगळ्यांचं ऐकून घेणे.
भूगोलाच्या बाई म्हणाल्या, वर उणे पन्नास असतं, फोनची बॅटरी गारठेल, जाड थर्माकोल लावा. ऐकून घेतलं. माझा फोन दणकट आहे. तोच आत ठेवणार. डबा कुठे आहे ते तो कळवत राहील.

१७ नोव्हेंबर
मंडळातली चार मुलं घरी आली. डब्यावर चिठ्ठी लावली: 'सापडल्यास या नंबरवर कळवा.' खाली माझा नंबर, ठळक. मुलं काहीतरी सांगत होती. ऐकून घेतलं. बायको म्हणाली, आणखी एखादा नंबर असू द्या. विचारलं, मंडळाचा प्रमुख कोण? ती भाजी निवडत राहिली.

२४ नोव्हेंबर, सकाळी ८.४०
सुटला! आधी माझं छोटंसं भाषण, पस्तीस मिनिटं.

११.२५
फोनकडून काही येत नाही. नेटवर्क बेइमान.

दुपारी २
बायकोच्या फोनवरून माझा नंबर चौदा वेळा लावला. बंद. बायकोने विचारलं, डबा सापडला तर तो माणूस कुठे फोन करेल? अर्थात माझ्या नंबरवर, म्हटलं.
मग जरा बसलो.

२५ नोव्हेंबर
जेवण गेलं नाही. चिठ्ठी चौघांनी वाचली होती, एकानेही तोंड उघडू नये? याला म्हणतात केसाने गळा कापणं. संकल्प: यापुढे कुणावर विश्वास नाही.

२७ नोव्हेंबर
डबा सापडला! एका वीटभट्टीवाल्याला. त्याने माझा नंबर लावला, बंद. डबा उलटा केला, तर तळाला दुसरी चिठ्ठी. भूगोलाच्या बाईंचा नंबर! माझ्या डब्यावर!
मुलांना फैलावर घेतलं. मॉनिटर मुलगी खाली मान घालून म्हणाली, "सर, आम्ही तीनदा सांगितलं. तुम्ही दर वेळी म्हणालात, ऐकून घेतलं."
चिठ्ठी नीट पाहिली. अक्षर बायकोचं.

संध्याकाळी
घरभेदी, म्हटलं तिला. मनाला फार लागलं. निदान स्वतःचा नंबर तरी घालायचा, परक्या बाईचा कशाला?
ती म्हणाली, "माझ्या फोनवरून तुम्ही दिवसभर स्वतःलाच फोन लावत बसणार, हे मला माहीत होतं."

२ डिसेंबर
फोटो भिंतीवर लागले. काळं आकाश, खाली पृथ्वीचा गोल काठ. तास संपेपर्यंत बघत उभा होतो.
मंडळ बाईंकडे गेलं. डबा परत आला हे खरं, पण कुणाकडे आला, असं मुख्याध्यापिकांनी विचारलं. मला सल्लागार नेमलंय. पुढच्या उड्डाणाची कामं बाईंनी वाटून दिली. माझं काम: फोन हातात घेऊन मैदानात उभं राहणे. तो खरंच हातात आहे ना, हे बघायचं काम मॉनिटर मुलीकडे.