माप कमी भरतंय

सोमवार, १० मार्च
सगळ्यात आधी आली ती शेजारची फेलिसा. माझ्या पिशव्या खाली टेकायच्या आत केळीच्या पानातली गरम बिबिंका, तांदळाचा गोड केक, घेऊन हजर! समोरचा विधुर माझ्याच वयाचा आहे, हेही पायरीवरच सांगून टाकलं. मी म्हटलं, आधी त्याचे गुडघे बघू दे. कायमची राहायला आले बाई मी इलोइलो शहरात, नातीकडे. आजीला ती लोला म्हणते. मिरासोल एकटी, दिवसभर कॉम्प्युटरपुढे. काम काय, तर इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते संपले, म्हणून नवे काढले. पण रस्ते बरेचसे जुनेच. मग नवं पाकीट जुन्या पाकिटात कोंबून धाडतात. त्या वाटेला बोगदा म्हणतात. कोणी चोरून काढलेला असला की ही पकडते. कशी, विचारलं, तर म्हणाली, "लोला, ज्याचं माप कमी भरतं ना, ते दुसऱ्या कशाच्या तरी पोटात बसून आलेलं असतं." शाळा माझी दोन यत्ता, पण जन्मभर शिवण केलं, एवढं कळतं मला. तिच्या वाढदिवसाच्या झग्याचं मापही लगेच घेतलं.

मंगळवार
तिला एक बोगदा सापडला. पलीकडचं टोक कुठल्याच यादीत नाही, पण तिथून कोणीतरी उत्तर देतंय. दुपारी ताटं वाढली. समोर असेल त्याला बोलावल्याशिवाय घास घ्यायची आपली रीत नाही, म्हणून मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून म्हटलं, या जेवायला. मिरासोल हसली. म्हणाली, "तुझी सुकी मासळी खातील का गं ते?"

बुधवार
जेवायच्या वेळी दोन बायका आल्या. बोलावलंत म्हणून आलो, म्हणाल्या. नेटक्या, गोड बोलणाऱ्या. पण नाकाखालची, वरच्या ओठावरची खळी दोघींनाही नाही. मीठ नको म्हणाल्या. माणसाच्या रूपात येणाऱ्या त्या दुसऱ्या लोकांची हीच खूण, पण मला उशिरा आठवलं. मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी आपल्या डब्यातला काळा भात मिरासोलला वाढला. तिने खाल्लासुद्धा. अनोळख्याचा काळा भात खाल्ला की माणूस त्यांचं होतं, हे मी पोरीला कधी सांगितलंच नव्हतं. जाताना म्हणाल्या, रविवारी येतो, मुलीला घेऊन जातो.

गुरुवार
झगा घालून बघितला. चार बोटं मोठा. मी चुकत नाही मापात. दोनदा फीत लावली. मिरासोलला आता मीठ नको असतं. फेलिसा म्हणाली, तुझी नजर गेली.

शुक्रवार
खांदा आणखी एक इंच कमी. फेलिसाने स्वतः मोजलं, फीत टाकली आणि फादरना आणते म्हणून पळाली. मी पोरीला विचारलं, कुठे आहेस तू? म्हणाली, "आत, लोला. इथून तू फार लहान दिसतेस."

शनिवार
फादर आले — तिने गोड बोलून वाटेला लावले.
मिठाचं पाणी पाजलं. थुंकली. मग "लोला" अशी हाक आली — तोंड मिटलेलं होतं तिचं — पोटातून आली —
कात्री घेतली. ठेवून दिली. कुठे कापू — वरचं कुठलं, माझी पोर कुठली —
दिवस त्यांनीच सांगितलाय. रविवार, १६ मार्च, जेवायच्या वेळी. त्याच्या आत मी तिला बाहेर काढ—