दहा जूननंतरचं पाणी

४ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट काल मिळालं. आधी कामाचं: विहिरीचे सप्टेंबरचे आकडे त्यात नाहीत, ते लगेच पाठव. मग घरचं: आप्पा कसे आहेत? तू कसा आहेस? वहिनीची कंबर?

माझं बस्तान बसलं. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. घरमालकीणबाईंनी कपाटाच्या दाराला आतून सूचना चिकटवल्यात, त्यात खिडकी कशी उघडायची याचेच चार मुद्दे आहेत. विद्यापीठाच्या विभागात मला टेबल, दिवा आणि दारावर नाव मिळालं. माझ्या नावाच्या चिठ्ठीखाली आधीच्या पाहुण्याची चिठ्ठी दिसते, तिच्याखाली आणखी एक. इथे सगळे दारं लावून काम करतात. पहिला आठवडा मी दार उघडं ठेवलं, तर जाणारा-येणारा प्रत्येक जण काही हवंय का म्हणून विचारायचा. शेवटी मीही लावून घेतलं. कधीकधी दिवसभरात माझा आवाज मला फक्त वर्गात ऐकू येतो. विद्यार्थी अकरा आहेत, त्यातले सात जागे असतात.

शेजारच्या खोलीतले एक गृहस्थ मात्र डबा खाताना गप्पा मारायला येतात. बसत कधीच नाहीत, भिंतीला टेकून उभे असतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना टेकू म्हणते. आप्पांसारखा मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस परसातल्या विहिरीत रोज सकाळी सातला टेप सोडतो, पाणी किती खाली आहे ते वहीत लिहितो, आणि हे एकतीस वर्षं चाललंय, हे ऐकून तेसुद्धा भिंत सोडून सरळ उभे राहिले!

खरी बातमी आता. दोन डिसेंबरला आप्पांच्या विहिरीवर माझं व्याख्यान आहे. ते नीट झालं तर आणखी दोन वर्षं ठेवून घ्यायचा विभागप्रमुख बाईंचा विचार आहे. या वर्षीचे आकडे त्यांना मुद्दाम हवेत. पण आप्पांना सोडून दोन वर्षं राहू का, तूच सांग. आणि हल्ली आकडे तुझ्या अक्षरात का असतात रे?

लोभ आहेच, त्याला आळसाचं कुलूप लावू नकोस. लगेच लिही.

तुझी,
छकुली

१९ ऑक्टोबर

चि. छकुलीस अ. उ. आ.

पन्नाशीला आलेल्या बाईला छकुली म्हणताना माझीच जीभ अडखळते, पण प्राध्यापकीणबाई लिहिलं तर तू रुसशील.

आप्पा ठणठणीत आहेत. तू म्हणजे राईचा पर्वत करतेस. अक्षर माझं, कारण आप्पांना आता हाताखाली कारकून हवा असतो. ते टेप सोडतात, मी लिहितो. एकतीस वर्षांनी साहेबाला बढती मिळाली म्हण. शिवाय औषधाच्या दुकानात, माझ्या हार्डवेअरच्या दुकानात, जो भेटेल त्याला आमची विहीर परदेशात गेली म्हणून सांगत असतात. गिऱ्हाईक खिळे घ्यायला येतं आणि भूजलशास्त्र शिकून जातं.

दोन वर्षं खुशाल राहा. इथे येऊन तू काय करणार आहेस? वहिनीला कामात चार सूचना करशील आणि ती माहेरी जाईल. घर सांभाळायला मी समर्थ आहे.

जून ते सप्टेंबरचे सगळे आकडे एकत्र करून सोबत जोडलेत. वहिनीची कंबर तिच्याच म्हणण्याप्रमाणे तिला सोडून जायला निघाली आहे. बाकी क्षेम. तुझा लोभ आहे तसाच ताजा ठेव.

तुझा,
दादा

५ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न.

आज शिरसाष्टांग वगैरे जमणार नाही.

तुझे आकडे काल आलेखावर मांडले. दहा जूनपर्यंत आप्पांचं पाणी खऱ्या पाण्यासारखं वागतं. कुठे चढतं, कुठे थबकतं, शेजारच्यांनी पंप लावला की खाली जातं. अकरा जूनपासून मात्र ते शाळेतल्या शहाण्या मुलांसारखं रांगेत एकेक पायरी चढतंय. ऑगस्टमध्ये मी निघायच्या आदल्या दिवशी घरी चाळीस माणसं होती, पंप सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू होता. तुझ्या कागदावर त्या दिवशी पाणी दोन सेंटिमीटर वर आलंय!

टेकूंनी आलेख पाहिला आणि फार सौम्यपणे विचारलं की हे मोजलं कोणी. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. आयुष्यात पहिल्यांदा मी आकड्यांबद्दल खोटं बोलले आणि तेही तुझ्यापायी.

शाळेत तू प्रयोगाच्या वहीत आधी उत्तर लिहायचास आणि मग त्याला जुळतील अशी निरीक्षणं भरायचास. मास्तरांना कळायचं नाही, मला कळायचं. शेंडी लावायची तर परक्याला लाव ना रे! त्यातून हे आकडे घालून केलेला व्याख्यानाचा गोषवारा मी तुझ्या भरवशावर छापायला दिला. तो आता सगळ्यांच्या टेबलावर आहे.

पण ते माझं मी निस्तरीन. कालपासून मला घोर लागलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. आप्पा स्वतः विहिरीवर असते तर त्यांनी तुला असलं काही करू दिलं असतं का? मग ते कुठे आहेत? काय झालंय त्यांना? खरं लिही. फोन करू नकोस, फोनवर तू नुसता हसतोस.

छकुली

१७ नोव्हेंबर

चि. छकुलीस अ. आ.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. लिहितो.

जूनच्या सुरुवातीला आप्पांना टेपवरचे आकडे दिसेनासे झाले. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा वयामुळे मधोमध खराब झालाय, कडेचं दिसेल, समोरचं नाही, आणि गेलेली नजर परत यायची नाही. आप्पांनी मला शपथ घातली की तू जाईपर्यंत बोलायचं नाही. कळलं असतं तर तू गेली नसतीस, हे खरं की नाही? ऑगस्टमध्ये तू दोनच दिवस घरी होतीस, त्या गर्दीत निभावून गेलं.

पहिले काही दिवस मी इमानाने टेप सोडला. आप्पा ओट्यावर खुर्चीत बसायचे, मी विहिरीवरून आकडा ओरडायचो. मग एकदा दुकान उघडायची घाई होती, कालच्यावरून अंदाजाने आकडा सांगितला. आप्पा म्हणाले, लिही. एवढं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग टेप खुंटीवरच राहिला. तुझ्या मनाला घोर नको म्हणून केलं असं लिहिणार होतो, पण खरं सांगतो, आधी आळस होता, माया मी त्याला मागाहून चिकटवली.

आता व्याख्यानात तू काय सांगायचं ते सांग, फक्त एक कर, आप्पांना कळू देऊ नकोस. त्यांच्या एकतीस वर्षांच्या वहीत मी थुंकलो, हे त्यांना कळलं तर मी त्यांच्यासमोर उभा राहू शकणार नाही. साठीला आलो तरी मला त्यांची तेवढीच भीती वाटते.

तुझ्या लोभावर आज हक्क सांगत नाही.

दादा

२० नोव्हेंबर

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र सूनबाईच्या हातून लिहितो आहे. तुझं पत्र धुवायच्या शर्टाच्या खिशात तिला सापडलं. ते तिने मला वाचून दाखवलं. (वन्सं, मी बोलले नसते, पण आठ दिवस हे जेवताना मान वर करत नव्हते. – वहिनी)

तुझ्या दादाला वाटतं मला ठाऊक नाही. टेपच्या टोकाचं वजन पाण्याला टेकलं की आवाज होतो, तो मी एकतीस वर्षं ऐकलाय. डोळे गेलेत, कान नाही. जून अर्धा व्हायच्या आत आवाज बंद झाला. आकडे मात्र रोज येत राहिले.

मग मी गप्प का बसलो? आकडा सांगून झाला की तो माझ्याशेजारी ओट्यावर बसतो. पाच मिनिटं, कधी दहा. दुकानातलं काही सांगतो, चहा थंड करतो. जन्मात तो कधी माझ्याजवळ असा बसला नव्हता. मी कडक बाप होतो, ते माझं मला माहीत आहे. वाटलं, चोरी पकडली तर हा यायचा बंद होईल. म्हणून खोटे आकडे मीच लिही लिही म्हणत लिहवून घेतले. त्याच्यापेक्षा माझा गुन्हा मोठा. (हे वाक्य आप्पांचंच आहे, मी घातलेलं नाही. – वहिनी)

अकरा जूनपासून सगळं खोडून टाक. मोजणाऱ्याला दिसेनासं झालं असं स्पष्ट सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मला ठाऊक होतं हे त्याला कळवू नकोस. पोराला मेल्याहून मेल्यासारखं होईल.

तुझे,
आप्पा

४ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मनात वाचू नकोस. आप्पांच्या शेजारी बस, वहिनीलाही बोलाव आणि मोठ्याने वाच. पुढचं आधी डोकावून बघशील, तुला तशी खोड आहे. आज नको.

परवा व्याख्यान झालं. आलेख दहा जूनला थांबवला आणि पुढची जागा कोरी ठेवली. सांगितलं की मोजणाऱ्याची नजर गेली, त्यानंतरचे आकडे माझ्या भावाने अंदाजाने लिहिले, आणि छापलेला गोषवारा मी मागे घेते आहे. टेकूंनाही सगळ्यांसमोर म्हटलं की मी तुमच्याशी खोटं बोलले होते. विभागप्रमुख बाईंनी नीट ऐकून घेतलं, लेखी कळवा म्हणाल्या. मुदतवाढीचं अवाक्षर काढलं नाही. मिळणार नाही असं वाटतं. वाईट वाटतंय, नाही कसं म्हणू? पण झोप लागली. सत्र संपलं की वीस जानेवारीला मी घरी येते. पुढचं काहीही ठरो, आप्पांना भेटायला येते.

आता आप्पा, तुम्ही ऐका. तुम्ही दादाला सांगू नको म्हणालात, त्याने तुम्हाला सांगू नको म्हटलं. आपल्या घरात सहा महिने सगळे एकमेकांना जपण्यासाठी मुके झालेत. मी दोघांचंही ऐकणार नाही.

दादा, वाचत राहा, थांबू नकोस. आप्पांना सगळं माहीत आहे. जूनपासून माहीत आहे. वजन पाण्यात पडल्याचा आवाज येत नव्हता, तरी ते लिही म्हणत राहिले, कारण त्यानंतर तू त्यांच्याजवळ बसायचास. पकडलं तर तू यायचा बंद होशील, या भीतीने त्यांनी आपल्या वहीत खोटं लिहवून घेतलं.

तू त्यांना भीत होतास आणि ते तुला.

उद्यापासून आकडा नसला तरी बस. माझा लोभ तुम्हा दोघांवर सारखाच आहे, राग थोडा तुझ्यावर जास्त. आता कागद खाली ठेव. आप्पांना समोरचं दिसत नाही, तुझ्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळायचं नाही. तेव्हा काहीतरी बोल.

तुझी,
छकुली