ख्रिसमस कॅम्पसाठी आमचा नाताळ बंद करू नये म्हणून

बेहडाटोला,
ता. १३ डिसेंबर १९५४

प्रति,
मेहेरबान रेंज ऑफिसर साहेब,
जंगल खाते, बेहडाटोला रेंज,
तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा

विषय : ता. २४ च्या संध्याकाळी टेंभरुटोल्यास ढोलकीसह गात जाण्याची परवानगी मिळणे, व ता. २५ रोजी तेथील माणसांना शिकारीच्या हाक्यास न नेणे, याबाबत.

संदर्भ : नाक्यावरच्या कडुनिंबाला खिळ्याने ठोकलेली आपली नोटीस. (खालचा कोपरा शेळीने खाल्ला असल्यामुळे नंबर देता येत नाही.)

महोदय,

अर्जदार ही मिशन शाळेच्या नवव्या वर्गात शिकत असून यंदा नाताळच्या गायन-फेरीची पुढारी नेमली गेली आहे. मुलगी पुढारी होण्याची आमच्याकडे ही पहिलीच वेळ, आणि पहिल्याच वेळी नोटीस लागली. आमचे पाळकसाहेब शांत स्वभावाचे आहेत. ते म्हणाले, "राहू दे बेटा, पुढच्या वर्षी पाहू." मला पुढचे वर्ष चालत नाही. का चालत नाही ते खाली येईलच. अर्ज कसा लिहावा हे गुरुजींनी मागच्याच महिन्यात शिकवले. त्यात माझा अर्ज वर्गात पहिला आला, फक्त लांबीबद्दल एक गुण कापला. सबब लांबीची माफी आधीच मागून ठेवते.

१) नोटिशीत असे लिहिले आहे की, ख्रिसमस कॅम्पनिमित्त नागपूरहून साहेब लोक शिकारीस येत असल्याने ता. २३ पासून कॅम्प उठेपर्यंत ब्लॉकमध्ये ढोल, टिन, गाणे अथवा अन्य आवाज कोणी करू नये, वाघ बुजेल. हे मी मैत्रीण मंगली हिला मोठ्याने वाचून दाखवले. ती मंजिऱ्या वाजवते. ती म्हणाली, "म्हणजे नाताळ आहे म्हणून नाताळ बंद?" मग आपल्या ऑफिसातले भैयाजीबाबू यांना विचारले, की येणारे साहेब ख्रिस्ती आहेत काय, असल्यास त्यांनाच फेरीत घेऊ, आमच्याकडे जाड आवाज कमी आहेत. बाबू म्हणाले, "नाई वं पोरी, त्यातला एकही ख्रिस्ती नाई. इंग्रज साहेब या दिवसांत याचे, तवापासून नावच पडलं, ख्रिसमस कॅम्प." म्हणजे इंग्रज जाताना बंदुका, कुत्रे, खुर्च्या सगळे घेऊन गेला आणि कॅम्पाचे नाव तेवढे झाडाखाली विसरला. आता ज्यांच्याकडे नाव आहे त्यांना नाताळ नको, आणि ज्यांना नाताळ हवा त्यांनी तोंड बंद ठेवायचे. हे न्यायाचे दिसत नाही, हे आपल्या नजरेस आणते.

२) टेंभरुटोला हे आपल्याच खात्याचे जंगलगाव ब्लॉकच्या ऐन मध्ये आहे. तिथे आमच्या ख्रिस्ती मंडळीची तीन घरे आहेत. त्यांत सर्वांत म्हाताऱ्या सोमारीबाई. मागच्या वर्षी आमची फेरी तिकडे निघाली, पण नाल्यात बैलांच्या दमणीचे चाक मोडले आणि सगळे माघारी आलो. आम्ही घरी येऊन करंज्या खाल्ल्या. तिकडे सोमारीबाईने अंगण सारवून, मोहाच्या बियांचे तेल घालून दिवे लावले होते. तेल सरेपर्यंत ती बसून राहिली. पुढे बाजारात मला भेटली तेव्हा रागावली नाही. माझा हात धरून एवढेच म्हणाली, "काऊन वं पोरी, देव तुमच्याच गावात जलमते का? आमच्या टोल्यावर याले त्याले वाट गवसत नाई का?"

साहेब, प्रभूच्या जन्माची बातमी पहिल्याने राजवाड्यात सांगितली गेली नाही. रानात जनावरे राखत बसलेल्या मजुरांना सांगितली, आणि तीही गाऊन. हे मला लहानपणापासून पाठ आहे, दर वर्षी बक्षीस मिळते. पण सोमारीबाईला उत्तर देणे अजून बाकी आहे. आणि यंदा सोमारीबाईचे डोळे गेले. दिवा तिला दिसत नाही, आमचा कागदी ताराही दिसणार नाही. आम्ही मुकाट्याने जाऊन मुकाट्याने परत आलो, तर तिच्या हिशेबी आम्ही आलोच नाही.

३) बाबूंनी दया करून सुचवले की हळू आवाजात गा. आम्ही प्रामाणिकपणे करून पाहिले. ढोलकीवर वाकळ टाकली तर कोणी गादी झोडपत असल्यासारखे वाटले. मंजिऱ्यांना चिंध्या बांधल्या, तर त्या टकटक करू लागल्या. देवाचा गौरव मी आणि मंगलीने कुजबुजून म्हणून पाहिला. त्यात गौरव राहत नाही, कोणाची तरी चहाडी केल्यासारखे वाटते. तरी ही सूचना अमलात आणणे शक्य नाही, असे कळवते.

४) वाघाविषयी. नोटिशीत वाघ बुजू नये याची काळजी आहे, आम्ही बुजू नये याची नाही. आम्ही वीसेक पोरे-पोरी, लहानात लहान तिसरीतला. वाघ जवळ यावा म्हणून साहेब रेडा बांधणार, आणि त्याच वाटेने आम्ही चिडीचूप चालायचे. जंगलात गात जावे म्हणजे जनावर बाजूला होते, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असते. मी नाकेदार पोचूभाऊंना विचारले, समोर आलाच तर काय करावे?

ते म्हणाले, "ओरडाचं."

मी म्हटले, "ओरडणं तं गुन्हा आहे."

त्यांनी टोपी काढून डोके खाजवले. "मंग हळू ओरडाचं."

शिवाय गाण्याने वाघ रेंज सोडून पळतो, हेही खरे नाही. मागच्या वर्षी आमची तालीम जोरात चालू असतानाच त्याने पाळकसाहेबांची शेळी कंपाउंडातून नेली. हा मुद्दा वरच्या मुद्द्याशी जुळत नाही असे मंगलीचे म्हणणे आहे. परंतु दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यामुळे दोन्ही ठेवल्या आहेत.

५) आता सर्वांत कठीण बाब. ता. २५ ला सकाळी ढोल वाजवून वाघाला मचाणाकडे हाकण्याचा हाका आहे आणि त्यासाठी टेंभरुटोल्याची सारी माणसे नेमली आहेत. सोमारीबाईचा मुलगा इसरू हा ढोल वाजवतो, म्हणून त्याला सर्वांत पुढे ठेवले आहे. जंगलगावात राहायचे तर खात्याच्या कामाला नाही म्हणता येत नाही, हे मला समजते. पण ज्या दिवशी त्याने आईजवळ बसून उपासनेत ढोल वाजवायचा, त्याच दिवशी तोच ढोल वाघाच्या मागे वाजवायचा. इसरूभाऊ बाबूंना म्हणाला, "चोवीसले वाजवला तं ढोल जप्त, पंचवीसले नाई वाजवला तं दंड. मंग ढोलालेच समजावून सांगा ना बाबू, कोणती तारीख आहे ते." बाबू हसले. इसरूभाऊ हसत नव्हता.

६) आम्ही सरकारी हुकुमाच्या विरुद्ध आहोत असा कृपया गैरसमज नसावा. पहिला नाताळ सरकारी हुकुमामुळेच झाला. बादशहाने खानेसुमारीचा हुकूम काढला, म्हणून मरिया आणि योसेफ दिवस भरलेले असताना बेथलेहेमला निघाले, नाहीतर घरीच थांबले असते. म्हणजे हुकुमाने अडचण होते आणि अडचणीतून देव वाट काढतो, हे आम्ही मानतो. परंतु देवदूतांनी रानात आवाज करू नये, असे कलम त्या बादशहानेही घातले नव्हते.

तरी विनंती अशी की, ता. २४ ला दिवस कलल्यावर आमच्या फेरीला गाडीवाटेने गात जाऊ द्यावे, आणि हाका २५ ऐवजी २६ ला ठेवावा. वाघाची हरकत नसावी. सोबतीला पोचूभाऊंना द्यावे. ते एरवी घाबरतात, पण ढोलकी असेल तर येतो म्हणाले आहेत. कॅम्पातल्या साहेबांनाही आमचे आमंत्रण कळवावे. कॅम्पाला इतकी वर्षे ज्याचे नाव आहे, त्याच्यासाठी त्यांनी एक संध्याकाळ मचाणावरून उतरून जमिनीवर बसावे. सोमारीबाई मोह-तिळाचे लाडू देते आणि कोणाचा हुद्दा विचारत नाही. आता तर कपडेही दिसत नाहीत तिला.

आपले उत्तर हो आले तर आम्ही आपल्या नावाने प्रार्थना करू. नाही आले तरी करू, पण मग तिच्यात थोडी तक्रार येईल. आणि अर्ज लिहिताना खोटे लिहू नये असे गुरुजींनी शिकवले, म्हणून हेही लिहिणे भाग आहे की उत्तर काहीही आले तरी आम्ही जाणार आहोत. गातच जाणार आहोत. गुन्हा नोंदवायचा झाल्यास लहान पोरांची नावे घेऊ नयेत, पाळकसाहेबांचे तर मुळीच नको, ते नको म्हणाले होते. एकच नाव लिहावे आणि ते नीट लिहावे. बाबूंनी परवा ते राधिका असे लिहिले. मी राधिका नाही, रिबका आहे. शिपाई पाठवायचा तर थेट सोमारीबाईच्या अंगणात पाठवावा. गाणे संपेपर्यंत त्याला थांबावे लागेल, पण बसायला घोंगडी मिळेल.

या एका हुकुमाखेरीज सर्व बाबतींत

आपली आज्ञाधारक,
रिबका लटारू चहांदे
वर्ग नववा

सोबत : सोमारीबाईचा अंगठा. शाई नव्हती, दिव्याच्या काजळीने उठवला आहे. पुसला जाऊ नये म्हणून कागदाची घडी अंगठ्यावरून घातलेली नाही, आपणही घालू नये.