ताईचं अक्षर

सोमवार
पोचले एकदाची. ताई गेल्यावर, सहा वर्षांनी तिच्या घरात पाऊल टाकलं. खिडकीत ऊन, खुर्चीच्या पाठीवर तिची निळी शाल, भिंतीवर आम्हा दोघींचा शाळेतला फोटो: दोन-दोन वेण्या, पांढरे मोजे. कॉन्व्हेंटच्या मदरने आम्हा दोघींच्या अक्षराला एकच वळण लावलं होतं. वह्या उलटसुलट झाल्या की खुद्द मदरही फसायची. फार बरं वाटलं. नर्सबाईंनी चहा दिला. ताईचं सगळं चार वर्षं त्याच करत होत्या. वकील उद्या येणार. दाखले, बँकेचे फॉर्म, घराचे कागद, आठवड्याचं काम.

मंगळवार
कपाटात मृत्युपत्र सापडलं. घर नर्सबाईंना! आणि अक्षर? कोंबडीचे पाय. ओळी घसरलेल्या, सही थरथरती. ताईचं अक्षर मोत्यांसारखं. ही बाई मला काय खुळी समजते? माझ्या ताईच्या नावावर असला गिचमिड कागद! कागदाचे तुकडे केले. नर्सबाईंकडे नक्कल असणारच. वकिलांना सहज विचारलं. ते म्हणाले, नंतरच्या तारखेचं मृत्युपत्र निघालं तर आधीचं रद्द.

बुधवार
ताईच्या अक्षरात नवं मृत्युपत्र लिहिलं, घर माझ्या नावे. फाडलेल्या कागदानंतरची, गेल्या वर्षीची तारीख घातली. मदरचंच वळण, तीच गोलाई. लिहिताना ताई शेजारी बसल्यासारखं वाटलं. साक्षीदार म्हणून दोन ओळखीचे मिळाले. आता बाईसाहेबांना बोचकं बांधायला लावते. चांगली जिरवते.

गुरुवार
नर्सबाईंना कागद दाखवला. वाटलं, रडतील, पाया पडतील. त्यांनी अक्षरावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, ताईंचा उजवा हात चार वर्षांपूर्वीच लुळा पडला होता. घास मीच भरवायचे. डाव्या हाताने लिहायला शिकल्या, आठ महिने लागले. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाल्या होत्या, धाकटी उगाच रडेल.

दर रविवारी फोन करायची मी. ताई हाताबद्दल एकदाही बोलली नाही.

शुक्रवार
वकिलांना खरं सांगायला हवं. सांगितलं नाही. दोन साक्षीदार, माझी अब्रू. नर्सबाईंचं कोण ऐकतंय? उद्या कागद दाखल करणार.
सकाळपासून उजव्या हाताची करंगळी गार आहे.

शनिवार
कचेरीत सही करता येईना. पेन तीनदा पडलं. कारकून म्हणाला, मावशी, सोमवारी या. मनगटापर्यंत काही कळत नाही. हात गरम पाण्यात धरला. फोड आले, कळलं नाही.
निळी शाल खुर्चीवर नाही. माझ्या खांद्यावर आहे. मी घेतली नव्हती.

रविवार
उजवा गेला. खांद्यापासून.
हे डाव्याने लिहितेय. ओळी घसरतात — तेच अक्षर. फाडलेल्या कागदावरचं. आठ महिने लागले होते तिला. मला एक दुपार.
नर्सबाई दारात उभ्या आहेत. आत येत नाहीत. हाक मारली, त्या माझ्याकडे बघत नाहीत, माझ्या शेजारी बघतात. मान डोलावतात.
ताई, मी चुकले. ताई, मला माहीत नव्हतं —
नंतर माहीत होतं. हो.
पेन ठेवायचंय. बोटं सुटत नाहीत.

मी पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते की हे घर नर्सबाईंना द्यावं

ही ओळ माझी नाही. मी नाही लिहिली —

माझा उजवा हात धाकटीला दिला आहे. तिला त्याचं अक्षर फार आवडायचं. आता उरलेली मीही तिच्याकडेच राहायला ये