न पुसलेले नमुने

प्रिय चिमणे,

काल फोनवर माझ्यावर चिडलीस ते एका परीने बरंच झालं. आईच्या मालावर मुलीने पासचा शिक्का मारायचा हे तुझ्या पचनी पडत नाही, म्हणून तपासणीला दुसऱ्या कुणाला पाठवा असं तू वीज कंपनीत सांगणार आहेस. माझीच लेक शोभतेस. पण सांगण्याआधी एवढं वाच.

समुद्र आणि सिमेंटचा कारखाना यांच्या मधून जाणाऱ्या लाइनसाठी मी हा रबरी इन्सुलेटर करायला घेतला, तेव्हा तू शाळेत होतीस. मी टेबलावर ताटल्या उपड्या घालून त्याच्या दांड्यावरच्या एकाखाली एक छत्र्या जुळवत बसायचे आणि तू भुकेने कावून ताटली मागायचीस. तारेतली वीज खांबात उतरू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. स्वच्छ आणि कोरडा असला की कुठलाही इन्सुलेटर ते करतो. मळल्यावर, वर धुकं पडल्यावर कस लागतो. म्हणून मी नमुने वर्षभर त्या कारखान्याच्या गच्चीवर टांगते आणि आहेत तसेच चाचणीला लावते. त्यांना फडकं लावायची कुणाची हिंमत नव्हती.

यंदा आमच्या कंपनीच्या नव्या साहेबांनी ते स्पिरिटने लख्ख पुसून घेतले. पाहुणे यायच्या आधी पोरांची तोंडं धुवावीत तसे. मग काय, सगळे पास. मला कळल्यावर माझं डोकंच फिरलं. गच्चीवर उरलेले दोन मी स्वतः उतरवले आणि धुक्याच्या खोलीत लावले. छत्र्यांच्या फटींत यंदा पूर्वी कधी नव्हतं एवढं सिमेंट थापून बसलं होतं. वीज त्यावरून सरळ पलीकडे गेली. माझाच आराखडा माझ्या डोळ्यांदेखत हरला. वाईट वाटलं, खूप वाटलं.

छत्र्या विरळ करून नवा साचा करावा लागेल. तेवढी सवड साहेबांना नाही. सही करा नाहीतर घरी बसा, म्हणाले. मी यातलं काहीच करणार नाही. त्या खांबावर माणसं चढतात.

मुलगीच तपासायला येणार म्हणून साहेब निर्धास्त आहेत. दुसरं कुणी आलं तर चहा पिऊन, पुसलेले नमुने बघून सही करून जाईल. म्हणून सोमवारी तूच ये. मळलेले दोन माझ्या कपाटात कुलूपबंद आहेत, ते सगळ्यांसमोर माग आणि माझा माल नापास कर. आईचा माल पास केलास तर लोक बोट दाखवतील. नापास केलास तर कोण काय बोलणार?

तुझीच,
अजून घरी न बसलेली आई