तांदळातलं नाव

२ डिसेंबर, मंगळवार

लग्न आटोपलं. पाहुणे गेले. डब्यात लाडू आणि अंगणात खुर्च्या उरल्या. खुर्च्यावाला फोन उचलत नाही.

अनिकेत अमेरिकेला परत गेला. रेणूच्या पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का व्हायचाय, तो झाला की नात माझी जाणार. तिची नोकरी पण तिकडंच. नवरा पुढं, बायको मागं — आमच्या वेळी निदान एका गाडीत बसवायचे!

मंगलाबाई, अनिकेतची आई, पुण्याच्या. मी तांदळाचं ताट मागवलं तर म्हणतात, "अहो आजी, आम्ही नाव वगैरे नाही हो बदलत आता." मी म्हणलं, तुम्ही नका बदलू. आमची पोरगी कोऱ्या ताटानं सासरी जात नाही. मग अनिकेतनं अंगठीनं तांदळात लिहिलं — मृण्मयी. रेणू म्हणजे धुळीचा कण, मृण्मयी म्हणजे मातीची. धुळीची माती केली! एवढं शिकून एवढंच सुचलं.

मी दणक्यात सांगितलं, "रेणू संपली! आजपासून ही मृण्मयी." मांडव हसला. ओमकारनं, रेणूच्या भावानं, ते फोनमध्ये धरलं आणि जगाला दाखवलं.

५ डिसेंबर

मी पण तांदळातलीच. माहेरची गया. आमच्या ह्यांची, नामदेवरावांची, शाळा उर्दूची, मराठी लिहायला हात अडायचा. ताटात 'पद्मावती' लिहिलं ते अर्धं ताटाबाहेर गेलं. सासू म्हणाली, राहू दे, वाचायचंय कुणाला! पण नाव चिकटलं. गया म्हणून हाक मारणारी माणसं एकेक करून मेली. आता मला कुणी गया म्हणलं तर मी मागं वळून पण बघणार नाही.

८ डिसेंबर

शोभा टीचर आली होती. कोपऱ्यावरच्या शाळेत शिकवते, आता मतदार यादीच्या कामाला लावलंय. घरोघर जाऊन कागद बघायचे. बाकी सगळ्यांचे झाले. माझं अडलं. जन्माचा कागद म्हणून माझ्याकडं भालकीच्या शाळेचा चौथीचा दाखला, त्यावर गया माणिकराव. बाकी सगळीकडं पद्मावती.

"अम्मा, ये गया कौन?"

मी म्हणलं, मीच. तिला हसू आलं. मला पण. मग म्हणाली, दोघी एकच आहेत असं शपथेवर लिहून आणा, बस. सून माधवी म्हणाली, रेणूचं होऊ द्या, मग बघू.

टीचरला सांगितलं — जन्मले निजामाच्या राज्यात. ते बुडालं. गाव म्हैसूरकडं गेलं, मग त्याचं कर्नाटक झालं. सासर इथं बरकतपुऱ्यात. ते आंध्र झालं, मग तेलंगणा. मी एकदाच हलले, भालकीहून इथं. बाकी सगळी सरकारंच हलली. आणि कागद मी दाखवायचा!

"मैं क्या करूं अम्मा," म्हणाली. पाणी पिऊन गेली.

११ डिसेंबर

नवीन ऐकलं. चिक्कडपल्लीला एक व्हिसावाला आहे, कागद तयार करून देतो. तो म्हणाला, व्हिसा देणारे साहेब लोक आता फोन बघतात. कुणी काय लिहिलं, काय फोटो टाकले. कुलूप लावायचं नाही, सगळं उघडं ठेवायचं.

म्हणजे सोयरीक जमवताना करायचे तशी चौकशी. पण सोयरे निदान दारात येऊन चहा पितात.

दिवाळीला घर झाडत नाहीत एवढे फोन झाडले आज. ओमकारनं तिकडच्या कुण्या पुढाऱ्याची टिंगल केली होती, ती गेली. गौतमनं, माझ्या लेकानं, कुठल्या लढाईबद्दल काहीबाही लिहिलं होतं, तेही गेलं. मी म्हणलं, तुझ्या घरी बसून तू काय बोलावं ते त्यांनी ठरवायचं? गौतम म्हणाला, "आई, हळू."

हळू! माझ्या स्वयंपाकघरात!

लग्नाचं काही कुणी काढलं नाही. मंगल कार्याचं कोण पुसतं?

१६ डिसेंबर

रेणूची मुलाखत झाली. पोरगी परत आली ती चपला न काढता सोफ्यावर बसली.

साहेब गोड बोलत होता म्हणे. विचारलं, तुझं दुसरं काही नाव आहे का? ही म्हणाली, नाही. पुन्हा विचारलं. ही म्हणाली, नाही. मग म्हणाला, मृण्मयी कोण?

ही सांगत बसली — तांदूळ, अंगठी, रीत. तो ऐकत होता, हसत पण होता. मग कागदातून वाचून विचारलं, "रेणू संपली, असं ही म्हातारी बाई का म्हणते? रेणू कोण होती? तिचं काय झालं?"

शिक्का दिला नाही. नाही पण म्हणाला नाही. वाट बघा म्हणाला.

माझं बोलणं. माझ्या मांडवात. मराठीत! कुणी बसून त्याचं इंग्रजी केलं असेल? कोण असेल तो? आपल्याच गावचा असेल एखादा.

१७ डिसेंबर

कुणी मला बोललं नाही. बोलले असते तर बरं होतं.

२१ डिसेंबर

ओमकारनं ते काढून टाकलं. व्हिसावाला म्हणतो, आता काढून काय उपयोग, उलट लपवलं म्हणतील. मग ओमकार ते परत टाकायला निघाला! माधवीनं फोन हिसकावला.

माधवीला नवीन खूळ. काही बोलायचं असलं की सगळ्यांचे फोन गोळा करते, तांदळाच्या डब्यात घालते आणि झाकण लावते. मग बोलते. आज भात टाकायला डबा उघडला तर आत कुणाचा तरी फोन लुकलुकत होता. तशीच थांबले मी. वाटलं, कुणीतरी आतून वर बघतंय. माप बुडवलं आणि झाकण लावलं.

२६ डिसेंबर

मंगलाबाईंचा फोन. हॉलमध्ये, तोंडं दिसतात तसला. "काय गं मृण्मयी, बारीक झालीस!"

सगळे दचकले. रेणूनं फोन पालथाच घातला. "मम्मी, ते नाव नका घेऊ ना. प्लीज."

"अगं मी तर तेव्हाच नको म्हणत होते. आजींनीच—" पुढचं ऐकू आलं नाही. पण कळलं.

खरं आहे. मीच.

१ जानेवारी

रेणूच्या कंपनीनं कळवलं, महिनाअखेर आली नाही तर जागा दुसऱ्याला. अनिकेत रोज फोन करतो. आधी तास-तासभर बोलायचे, आता "कुछ आया?" "नै." संपलं. नवरा-बायको हिंदीत कशाला बोलतात म्हणून विचारलं. रेणू म्हणाली, मराठीचा कुणी चुकीचा अर्थ लावला तर?

पोरीला मराठी वाचता येत नव्हतंच. आता बोलायची पण गेली.

५ जानेवारी

व्हिसावाल्यानं तोड काढली. जिनं "रेणू संपली" म्हणलं, तिनंच शपथेवर लिहून द्यायचं — आमच्यात लग्नात नाव बदलायची रीत नाही. ती चेष्टा होती. घरातली सगळ्यात मोठी बाई म्हणून.

गौतमला मान वर करून बोलता येईना. "आई, तू... रेणूसाठी."

मी म्हणलं, एवढं काय तोंड पाडतोस? खोटं तर खोटं. उद्या चल.

६ जानेवारी

गेलो. व्हिसावाल्याच्या शेजारीच नोटरी. लहानशी खोली, पंखा आवाज करतो. इंग्रजी कागद. रेणूनं वाचून सांगितलं — आमच्या घराण्यात कुणाही सुनेचं किंवा लेकीचं नाव लग्नात बदललेलं नाही, बदलत नाही.

"कुणाही?" मी विचारलं.

व्हिसावाला म्हणाला, "अम्मा, पक्का लिखना पडता. अधूरा लिखे तो फिर सवाल आता. दस्तखत करो जी, कुच नै होता."

सही केली. पद्मावती नामदेवराव बिरादार. सही करताना मला स्वतःलाच हसू आलं. नोटरी विचारतो, क्या हुआ अम्मा? काय सांगू! ज्या नावानं सही करते ते नाव नाहीच, असं त्या कागदात लिहिलं होतं. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. मी पण बोलले नाही. पोरगी माझ्या हाताकडं बघत होती.

२२ जानेवारी

शिक्का आला! माधवी रडली, गौतमनं हलवायाकडून बालूशाही आणली. रेणूनं मला उचललं, ह्या वयात हाडं मोडायची. "आजी, तू ग्रेट आहेस." मी म्हणलं, खाली ठेव.

२५ जानेवारी

गेली. विमानतळावर मला नेलं नाही, मीच नको म्हणलं. दारात दही दिलं. खाल्लं तिनं. मग कानात म्हणाली, "आजी, फोनवर नाव घेऊ नको हं. कुठलंच."

मग काय म्हणू? अगं?

३ फेब्रुवारी

शोभा टीचर परत आली. काम संपत आलं म्हणे, माझाच कागद राहिला. "अम्मा, यादीतून एकदा गेलं की पुढं बाकीचे कागद पण विचारतील. पेन्शन, रेशन. मैं आपके वास्तेच बोल रही." चांगली बाई. तिची काय चूक!

गौतम म्हणाला, उद्याच करतो.

४ फेब्रुवारी

गौतम लवकर आला. जेवला नाही. माधवीनं फोन गोळा केले, डब्यात घातले. तेव्हाच मला कळलं.

त्याच नोटरीकडं गेला होता. नोटरीनं जुनी शपथ काढून समोर ठेवली. "ये ईच अम्मा बोले थे ना, हमारे में नाम नै बदलता? अब बोलते, मेरा बदला? दोनों में से एक झूठ है." दुसऱ्या नोटरीकडं जाता येतं. पण व्हिसावाला म्हणाला, कुणी दोन्ही कागद शेजारी ठेवले तर पोरगी तिथं अडकेल. त्यांनी आपल्याच मांडवातलं ऐकलं, हे काय लपणार?

"आत्याबाई, काय करायचं?" माधवी.

मी ताटातला भात चिवडत होते. म्हणलं, काही करायचं नाही. मत देऊन आजवर असं कोणतं राज्य मी उभं केलं? बसा गप, जेवा.

गौतम म्हणाला, "दोन-तीन वर्षं जाऊ दे आई. रेणूचं पक्कं होईल. मग तुझं बघू."

दोन-तीन वर्षं! माझं वय माहीत नाही का याला? पण खरं तेही कागदावर कुठं धड आहे!

६ फेब्रुवारी

शोभा टीचर आली शेवटची. ऊन फार होतं, मी पाणी दिलं. म्हणाली, "अम्मा, कागज?"

म्हणलं, नाही.

"नहीं मिला?"

नाही म्हणलं. गया कोण, मला माहीत नाही.

ती बघत राहिली माझ्याकडं. दोन महिन्यांपूर्वी हसली होती ह्याच खुर्चीत. मग फोनमध्ये काहीतरी दाबलं. दुसरं काही दाबता येत नसेल.

२० फेब्रुवारी

रेणूनं फोटो पाठवला. बर्फात उभी आहे. खाली काही लिहिलेलं नाही.

२४ फेब्रुवारी

यादी लागली. ओमकारनं फोनवर वाचली. गौतम आहे. माधवी आहे. ओमकार आहे. रेणू — तिकडं बर्फात बसून — आहे!

माझ्यापुढं कारण लिहिलंय म्हणे: अशी व्यक्ती या पत्त्यावर आढळली नाही.

टीचरला पाणी मीच दिलं होतं.